नोव्हेंबरअखेर नर्मदाकाठचा कोणता टप्पा निवडावा?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण आणि आपल्या पत्नी, दोघेही पन्नाशी ओलांडलेले, नागपुरात रोज सकाळी अंबाझरीला पाच-सहा किलोमीटर चालता, आणि एकदा रामटेकपर्यंत पायी जाऊन आला आहात. पूर्ण नर्मदा परिक्रमा, म्हणजे नदीला पायी घातलेली पूर्ण प्रदक्षिणा, निवृत्तीनंतर करण्याचा विचार आहे. तोपर्यंत यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, दिवाळीनंतर मिळणाऱ्या आठ दिवसांच्या रजेत तिचा एखादा टप्पा पायी करून पाहावा अशी इच्छा आहे. अमरकंटक ते डिंडोरी, ओंकारेश्वर ते महेश्वर आणि शूलपाणीच्या झाडीचा काही भाग अशी तीन नावे आपण काढली असून यांपैकी सर्वांत सुंदर टप्पा कोणता, असे विचारले आहे.

या टप्प्यांतून मी अनेक वर्षे चालत आलो आहे आणि नागपूरच्या नवख्या मंडळींना त्यांचा पहिला टप्पा ठरवून देण्याचे कामही करतो. त्या अनुभवावरून सांगतो की सौंदर्याचा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. नर्मदेचा काठ कुठेही कुरूप नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोणत्या टप्प्यावर प्रत्यक्ष काठाने चालता येते, रोजचा पल्ला उजेडात संपवता येतो, आणि पाय दुखावला तर त्याच दिवशी बाहेर पडता येते, हा आपला खरा प्रश्न आहे. आठ दिवसांच्या रजेतल्या माणसाला चौथ्या दिवशी वाट बदलण्याची सवड नसते, म्हणून ही निवड घरीच नीट करावी लागते.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. आपण संकल्प करून खंड परिक्रमा, म्हणजे टप्प्याटप्प्याने पुरी करायची परिक्रमा, करणार की नुसते चालून येणार, हे आपण लिहिलेले नाही. संकल्प केला तर नदी सतत उजव्या हाताला ठेवावी लागते आणि नर्मदेचे पात्र ओलांडता येत नाही. उपनद्या ओलांडण्यास हरकत नसते. जिथे थांबाल तिथूनच पुढचा टप्पा सुरू करावा लागतो. परिक्रमा कोठूनही उचलता, म्हणजे सुरू करता येते, त्यासाठी अमरकंटक किंवा ओंकारेश्वरच हवे असे बंधन नाही. संकल्प नसला तरी नदी उजवीकडे ठेवूनच चालावे असे माझे मत आहे, कारण काठावरच्या गावांतली आणि आश्रमांतली सारी माहिती त्याच दिशेची असते. पुढचा आश्रम किती लांब आहे, पुढच्या नाल्याला पाणी किती आहे, हे तिथले लोक न विचारता सांगतात. उलट दिशेने चालणाऱ्याला ही मदत मिळत नाही.

आता तिथीचा विचार करू. चातुर्मासात परिक्रमा चालत नाही; प्रबोधिनी एकादशीनंतर ती पुन्हा सुरू होते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण उशिरा आहेत. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, एकादशी २०-२१ नोव्हेंबरच्या सुमारास आणि कार्तिक पौर्णिमा २४ नोव्हेंबरला आहे. २०२५ मध्ये दिवाळी ऑक्टोबरमध्येच आटोपली होती. त्यामुळे गेल्या वर्षी ‘दिवाळीनंतर’ गेलेल्या परिचितांनी पाण्याची आणि थंडीची जी माहिती दिली असेल, ती आपल्याला लागू पडणार नाही. आपण त्यांच्यापेक्षा जवळजवळ तीन आठवडे उशिरा जाणार आहात. हे आपल्या फायद्याचे आहे, कारण पावसाळा संपून जितके दिवस जास्त उलटतील तितके नाले उतरतात आणि चिखल आळतो. तोट्याची बाजू एवढीच की दिवस लहान झालेला असतो.

टप्पा निवडताना मी सर्वांत आधी धरणांचा नकाशा पाहतो, आणि नवखी माणसे नेमके हेच विसरतात. नर्मदेवर वरून खाली येताना बरगी, इंदिरासागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर ही मोठी धरणे लागतात. पावसाळा संपता संपता हे जलाशय भरलेले असतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हळूहळू उतरत जातात. म्हणजे ज्या आठवड्यात आपण जाणार, त्या आठवड्यात जलाशयाचे पाणी दूरपर्यंत पसरलेले असते, जुनी काठाची वाट पाण्याखाली असते आणि पाण्याच्या फाट्या शेजारच्या नाल्यांमधून आत घुसलेल्या असतात. अशा ठिकाणी ‘नर्मदाकाठाने चालणे’ हे प्रत्यक्षात डांबरी रस्त्याने चालणे होते, आणि नदी दिवसभरातून एखाद-दुसऱ्या वेळी दुरून दिसते. मंडला ते जबलपूर हा टप्पा बरगीच्या जलाशयामुळे असा झाला आहे. हंडियाच्या पुढे ओंकारेश्वरपर्यंत इंदिरासागर आणि ओंकारेश्वर ही दोन्ही धरणे लागोपाठ येतात. पूर्ण परिक्रमा करणारा हे टप्पे श्रद्धेने पार करतो, कारण त्याला पुढे जायचेच असते. ज्याच्या हातात सहाच दिवस चालणे आहे, त्याने ते डांबरावर घालवू नयेत.

शूलपाणीच्या झाडीबद्दल माझे उत्तर याच कारणाने नकाराचे आहे. महाराष्ट्रातल्या धडगाव-अक्कलकुवा भागाला लागून असलेला हा सातपुड्याचा पट्टा आपल्या मनात फार मोठा असतो, आणि पूर्वीच्या परिक्रमावासींची लूट होण्याच्या कथांमुळे त्याला एक वलयही आहे. पण मूळ शूलपाणेश्वराचे मंदिर सरदार सरोवरात गेले आणि नवे मंदिर गोरा येथे बांधले गेले. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये हे सरोवर प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. आता तिथली वाट काठ सोडून डोंगराच्या सोंडा चढत-उतरत जाते. चढ दमवणारे आहेत, वस्त्या विखुरलेल्या पाड्यांच्या आहेत, वाहन मिळण्याची ठिकाणे दूर आहेत, आणि नागपूरहून तिथे पोहोचण्यात आणि परतण्यातच रजेचा मोठा भाग जातो. तिथल्या आदिवासी कुटुंबांनी केलेले आदरातिथ्य मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि आपणही तिथे जावे असे मला मनापासून वाटते; मात्र आपला पहिला टप्पा तो नसावा.

अमरकंटक ते डिंडोरी हा टप्पा वेगळ्या अर्थाने कठीण आहे. इथे जलाशय नाही. नदी लहान, स्वच्छ आणि खेळकर आहे. कपिलधारा आणि दुग्धधारा हे धबधबे ओलांडून सालवनातून उतरणारी ही वाट मला व्यक्तिशः सर्वांत प्रिय आहे. अडचण उंचीची, थंडीची आणि एकांताची आहे. अमरकंटक समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडे उंच आहे, आणि मधल्या खोऱ्यातले नर्मदापुरम (जुने होशंगाबाद) तीनशे मीटरच्या आसपास. एवढ्या फरकाने हवा सहज चार-पाच अंशांनी थंड होते. नोव्हेंबरअखेर रात्रीचे तापमान एक अंकी होणे तिथे नेहमीचे आहे, आणि पुढे डिसेंबर-जानेवारीत दवही गोठते. आश्रमात मिळेल त्या जागी आसन लावायचे, म्हणजे अंथरूण टाकायचे, तर जाड अंथरूण-पांघरूण स्वतः वाहून न्यावे लागते आणि पाठीवरचे ओझे वाढते. शिवाय जंगलाच्या कडेने जाणाऱ्या वाटेवर अस्वलांचा वावर असतो, म्हणून सूर्य वर आल्याशिवाय निघू नये आणि सूर्य कलण्यापूर्वी वस्ती गाठावी, हा माझा तिथला नियम आहे. त्यामुळे चालण्याचे तास आणखी कमी होतात. नागपूरहून रेल्वेने जायचे तर बिलासपूरमार्गे पेंड्रा रोड आणि तिथून रस्त्याने अमरकंटक, यात जाण्याचा एक पूर्ण दिवस मोडतो. परतताना डिंडोरीहून रस्त्याने जबलपूर किंवा मंडला गाठून नागपूरला यावे लागते. दोघांनाही लांब चालण्याची आणि थंडीत जमिनीवर झोपण्याची सवय झाली की हा टप्पा अवश्य करावा.

आपल्या यादीतला ओंकारेश्वर ते महेश्वर हा टप्पा ऐकायला सर्वांत सोपा वाटतो, पण त्यात एक अडचण आहे. नदी उजव्या हाताला ठेवून ओंकारेश्वराहून पश्चिमेकडे निघालात, तर आपण दक्षिण तटावर असता. मंडलेश्वर आणि महेश्वर उत्तर तटावर आहेत. म्हणजे अहिल्याबाईंचा घाट आणि किल्ला आपल्याला पलीकडच्या काठावर दिसेल आणि आपण संकल्पात असाल तर तिथे जाता येणार नाही. महेश्वरला पायी जायचे असेल, तर उत्तर तटावरून पूर्वेकडे, म्हणजे महेश्वर, मंडलेश्वर, बडवाह, ओंकारेश्वर अशा क्रमाने चालावे लागते. हा टप्पा सुंदर आहे, गावे जवळजवळ आहेत, आणि चार-पाच दिवसांत होतो. दक्षिण तटावरून गेलात तर सनावदच्या परिसरात रावेरखेडी लागते. २८ एप्रिल १७४० रोजी पहिल्या बाजीरावांचे तिथे निधन झाले आणि त्यांची समाधी नर्मदेच्या काठावर आहे. मराठी माणसाने वाट वाकडी करूनही तिथे थांबावे असे मला वाटते.

तरीही या पंधरवड्यात ओंकारेश्वराच्या पश्चिमेकडचा दक्षिण तट मी आपल्याला सुचवणार नाही, आणि त्याचे कारण गर्दीचे आहे. महाराष्ट्रातले असंख्य परिक्रमावासी ओंकारेश्वराहून परिक्रमा उचलतात, आणि एकादशी-पौर्णिमेनंतर सगळे एकदमच निघतात. ही माणसांची लाट पहिले काही आठवडे त्याच पट्ट्यात असते. आश्रम भरलेले असतात, रात्री उशिरा पोहोचलेल्यांना ओसरीवर झोपावे लागते, सेवा करणाऱ्यांवर ताण येतो. ज्यांना पुढे अनेक महिने चालायचे आहे त्यांच्या वाट्याची जागा आपण आठ दिवसांच्या हौसेसाठी अडवू नये, असेही मला वाटते. हीच लाट संपूर्ण वळसा घालून मधल्या खोऱ्याच्या दक्षिण तटावर पोहोचते तेव्हा फाल्गुन-चैत्र उजाडलेला असतो. नोव्हेंबरअखेर तिथे मोजकीच माणसे चालत असतात.

म्हणून माझी शिफारस आपल्या यादीत नसलेल्या टप्प्याची आहे: नर्मदापुरम, म्हणजे जुने होशंगाबाद, ते हंडिया, दक्षिण तटाने.

याची कारणे सांगतो. बरगी धरण वर खूप मागे राहिलेले असते आणि इंदिरासागरचा फुगवटा हंडियाच्या आसपास सुरू होतो. या दोहोंच्या मधली नर्मदा ही अजूनही वाहती नदी आहे. तिला काठ आहे, वाळू आहे, घाट आहेत. या भागातली सर्वांत मोठी दक्षिणेकडची उपनदी तवा, ती नर्मदापुरमच्या पूर्वेला बांद्राभान येथे मिळते. आपण नर्मदापुरमहून पश्चिमेला निघालात की तवा मागे राहते. पुढे लहान-मोठे नाले आहेत आणि ओलांडायची मोठी नदी म्हणजे गंजाल. नोव्हेंबरअखेर तिचे पाणी बरेच उतरलेले असते. तरी माझा नियम असा आहे की पाणी गुडघ्याच्या वर असेल, किंवा तळ दिसत नसेल, तर उतरायचे नाही. स्थानिक नाव मिळाली तर नावेने जायचे, नाहीतर वरच्या रस्त्याच्या पुलापर्यंत वळसा घ्यायचा. वळशाचे सहा-सात किलोमीटर परवडतात.

दुसरे कारण बाहेर पडण्याच्या सोयीचे. इटारसी ते हरदा हा लोहमार्ग या संपूर्ण टप्प्यात नदीच्या दक्षिणेला साधारण समांतर जातो. सिवनी मालव्याचे बानापुरा स्थानक, टिमरनी आणि हरदा ही तिन्ही ठिकाणे काठावरच्या गावांतून जीप-बसने गाठता येतात. गुडघा सुजला, ताप आला, घरून फोन आला, तरी त्याच दिवशी इटारसीला आणि तिथून नागपूरला पोहोचता येते. नागपूर-इटारसी अंतर सुमारे तीनशे किलोमीटर, आणि या मार्गावर दिवस-रात्र गाड्या आहेत. काही गाड्या नर्मदापुरमलाही थांबतात. न थांबणारी मिळाली तर इटारसीला उतरून वीसेक किलोमीटर रस्त्याने जावे. पहिल्या टप्प्यात बाहेर पडायची वाट जवळ असली की माणूस निश्चिंत चालतो, आणि निश्चिंत चालणाऱ्यालाच नदी दिसते.

या टप्प्याचा जो त्रास आहे तोही स्पष्ट सांगतो. तो आहे काळ्या मातीचा. विदर्भातल्या माणसाला काळी माती नवी नाही, पण नर्मदा खोऱ्यातली माती फार खोल आहे आणि नोव्हेंबरमध्ये तिथे गव्हाची पेरणी चालू असते. तवा प्रकल्पाच्या कालव्यांना रब्बीसाठी पाणी सोडलेले असते आणि पेरणीपूर्वी शेते भिजवली जातात. तिकडे याला पलेवा म्हणतात. म्हणजे आकाशात ढग नसताना, पाऊस संपून दीड महिना झाला असताना, एखादे वावर ओलांडताना पाय घोट्यापर्यंत रुततो. काठाची पायवाट कित्येक ठिकाणी थेट वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून जाते. अशा वेळी मी वावरातून तिरपे जात नाही. धुरा धरतो, तोही ओला असेल तर मागे फिरून पांदण रस्त्याने गावात जातो आणि पुढच्या घाटावर पुन्हा काठाला येतो. शेतकऱ्याचे नुकतेच पेरलेले रान तुडवणे हे परिक्रमेच्या भावनेशी विसंगत आहे, आणि तिथले लोक आपल्याला हक्काने जेवू घालतात हे लक्षात घेतले तर ते कृतघ्नपणाचेही आहे. बुटांच्या बाबतीत माझा अनुभव असा की खोल खाचांचे ट्रेकिंगचे बूट या मातीत भरून जड होतात. साधे, हलके, कमी खाचांचे कॅनव्हासचे बूट आणि जोडीला नाल्यात घालायच्या पट्ट्याच्या सँडल, एवढे पुरते.

एक धोका आवर्जून सांगितला पाहिजे. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी काही शेतकरी रात्री शेताभोवती विजेची उघडी तार सोडतात. हे बेकायदेशीर आहे, तरी आपल्या विदर्भात घडते तसे तिकडेही घडते. त्यामुळे पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या अंधारात शेतातून चालू नये. उशीर झालाच तर गावाकडे जाणारा मोठा रस्ता धरावा.

दुसरा धोका पाण्याचा. वरच्या धरणांतून वीजनिर्मितीसाठी किंवा अन्य कारणाने पाणी सोडले की खालच्या पात्रात पातळी अचानक वाढते. ७ एप्रिल २००५ रोजी देवास जिल्ह्यातल्या धाराजी येथे भुतडी अमावास्येच्या स्नानासाठी जमलेल्या यात्रेकरूंवर इंदिरासागरमधून सोडलेले पाणी आले आणि साठहून अधिक माणसे वाहून गेली. हंडियापर्यंतचा आपला टप्पा इंदिरासागरच्या वर असला तरी बरगी आणि तवा ही धरणे आपल्याही वर आहेत. म्हणून पात्रातल्या वाळूवर किंवा बेटासारख्या उंचवट्यावर सामान ठेवून आंघोळीला जाऊ नये, तिथे झोपण्याचा विचारही करू नये, आणि गावकरी ज्या घाटावर उतरतात तिथेच उतरावे. आंघोळ लोट्याने केली तरी ती स्नानच असते.

आता उजेडाचे गणित. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नर्मदापुरमच्या परिसरात सूर्य साधारण पावणेसातच्या आत उगवतो आणि साडेपाचच्या थोडे पुढे मावळतो. पूर्वेकडे जावे तसा सूर्यास्त लवकर होतो; अमरकंटक आणि महेश्वर यांच्यात सुमारे सहा रेखांशांचा फरक असल्यामुळे दोन्हीकडच्या सूर्यास्तात पंचवीसेक मिनिटांचे अंतर पडते. आपल्या टप्प्यावर दिवसाचा उजेड पावणेअकरा तासांचा धरावा. सकाळी धुके असते, काठ दवाने ओला असतो, म्हणून सातच्या आधी निघण्याचा आग्रह धरू नये. संध्याकाळी चारपर्यंत मुक्काम गाठावा, कारण आसन लावणे, कपडे वाळवणे, पायांची देखभाल आणि सायंकाळची आरती यांना वेळ लागतो. मधे जेवणाचा आणि विश्रांतीचा दीड-दोन तास वजा केला तर चालायला सात तास उरतात. मातीच्या वाटेवर, पाठीवर सात-आठ किलोचे ओझे घेऊन, थांबत-बोलत जाणारी पन्नाशीची जोडी तासाला अडीच किलोमीटरहून जास्त जात नाही. म्हणजे दिवसाचे सतरा-अठरा किलोमीटर. यापेक्षा जास्त पल्ला कागदावर लिहू नये.

या हिशेबाने आपला कार्यक्रम असा बसतो. रजा शक्य असल्यास २५ नोव्हेंबरपासून घ्यावी. कार्तिक पौर्णिमेला बांद्राभानला मोठा मेळा भरतो आणि नर्मदापुरमचा सेठानी घाट माणसांनी भरून जातो. तो दिवस उलटल्यावर पोहोचलात तर मुक्कामाला जागा मिळेल आणि घाटावर शांतपणे पूजा करता येईल. २५ ला प्रवास, २६ पासून सहा दिवस चालणे आणि २ डिसेंबरला परत. पहिल्या दिवशी दहा-बारा किलोमीटरवर थांबावे, मग पुढे सतरा-अठरा. वळणे आणि वळसे धरून हंडियापर्यंत शंभराच्या वर किलोमीटर होतात, म्हणून सहाव्या दिवशी हंडिया गाठता येईल किंवा थोडे अलीकडे थांबावे लागेल. हंडिया गाठलेच पाहिजे असा हट्ट धरू नका. मधे आँवलीघाटला पोहोचल्यावर दोघांनी बसून प्रामाणिकपणे पाय, गुडघे आणि मन तपासावे. तिथून सिवनी मालव्याला जाणारा रस्ता आहे. थांबायचे ठरले तर ते तिथेच सोयीचे आहे.

मुक्कामाची काळजी या टप्प्यात कमी आहे. काठाच्या गावांत आश्रम, मंदिरे, धर्मशाळा आहेत, आणि जिथे यांपैकी काही नाही तिथे कोणाच्या तरी ओसरीत जागा मिळते. ‘कितनी मूर्ति हैं?’ असे विचारले जाईल. म्हणजे आपण किती जण आहात. कुठे तयार जेवण मिळते, कुठे सदाव्रत, म्हणजे पीठ-डाळ-तांदळाचा शिधा मिळतो आणि स्वयंपाक आपण करायचा असतो. पत्नी सोबत असल्यामुळे स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची सोय आहे का, हे मात्र दुपारीच विचारून मुक्काम ठरवावा. या बाबतीत संकोच करू नये. अन्नाचे पैसे कोणी मागत नाही. आपण नोकरदार आहोत, आठ दिवसांसाठी आलो आहोत, हे ध्यानात ठेवून निघताना दानपेटीत यथाशक्ती टाकावे, आणि भांडी घासणे, झाडलोट करणे यात हात द्यावा.

दोन शक्यतांसाठी बेत बदलावा लागेल. बंगालच्या उपसागरातल्या वादळाचा उरलेला ढगाळ भाग नोव्हेंबरमध्ये कधी कधी मध्य भारतापर्यंत येतो. निघण्याच्या आधीच्या चार दिवसांत नर्मदापुरम-हरदा भागात चांगला पाऊस झाला, तर काळ्या मातीतून चालण्याचा हट्ट सोडावा. त्या वेळी महेश्वर ते ओंकारेश्वर हा उत्तर तटाचा टप्पा घ्यावा. तिथे गरज पडल्यास वापरता येणारे रस्ते काठापासून फार दूर नाहीत, आणि परिक्रमेची लाट तेव्हा दक्षिण तटावर असते. दुसरी शक्यता गुडघ्यांची. आपल्या दोघांपैकी कोणालाही चढ-उतारात दुखत असेल तर नर्मदापुरम-हंडिया हाच टप्पा योग्य आहे, कारण नाल्यांचे काठ उतरणे-चढणे सोडले तर सारी वाट सपाट आहे.

तयारीबद्दल एकच मुद्दा महत्त्वाचा आहे. अंबाझरीचे चालणे फरसबंदीवरचे, रिकाम्या पाठीचे आणि रोज घरी येऊन विसाव्याचे आहे. परिक्रमेत त्रास होतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी, आदल्या दिवशी आखडलेले पाय घेऊन पुन्हा उठताना. म्हणून ऑक्टोबरपासून दोन-तीन वेळा लागोपाठच्या शनिवार-रविवारी, तेच बूट घालून, तेच ओझे पाठीवर घेऊन पंधरा-पंधरा किलोमीटर चालून पाहावे, आणि त्यातले निम्मे तरी कच्च्या पांदणीवर असावे. रविवारी संध्याकाळी आपल्या पत्नींना सोमवारी पुन्हा निघावेसे वाटते का, हे त्यांनाच विचारावे, आणि त्यांचे उत्तर अंतिम मानावे. दोघांचा वेग जो कमी असेल तोच जोडीचा वेग.

हंडियाला पोहोचलात तर रिद्धनाथाचे दर्शन घ्यावे. समोरच्या काठावर नेमावरचे सिद्धनाथ मंदिर दिसते, आणि या ठिकाणाला नर्मदेची नाभी मानतात. संकल्प असेल तर पुलावरून पलीकडे जाण्याचा मोह टाळावा. आपण ज्या घाटावर थांबलात त्याचे नाव, तारीख आणि शेजारच्या आश्रमाचे नाव वहीत लिहून तिथल्या पुजाऱ्याची किंवा ग्रामपंचायतीची मोहोर घ्यावी. पुढच्या वेळी तिथूनच निघायचे आहे. तो पुढचा टप्पा जलाशयाच्या कडेचा आणि बराचसा डांबरी रस्त्याचा असल्यामुळे त्यासाठी कार्तिक न धरता माघ-फाल्गुन धरावा, तेव्हा पाणीही उतरलेले असते आणि दिवसही मोठा झालेला असतो. हंडियाहून हरदा वीसेक किलोमीटर आहे आणि बसेस मिळतात. हरद्याहून इटारसीची गाडी शक्यतो दुपारची पकडावी, म्हणजे रात्रीपर्यंत नागपूरला घरी पोहोचता येते आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाण्यापूर्वी पूर्ण झोप मिळते.